पंचांचा निर्णय आणि त्याची नोंद

गोंदिया जिल्ह्यांत बैलजोड्यांच्या शर्यतीस शंकरपट म्हणतात. जोडी सुटते आणि कांहीं सेकंदांत खेळ संपतो. निकालाविषयीं वाद उद्भवला तर मात्र तो रात्रभर पुरतो. वर्षभर बैल जपणाऱ्या शेतकऱ्याच्या मानाचा तो प्रश्न असतो. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बंद केलेल्या या शर्यती १६ डिसेंबर २०२१ च्या आदेशानें पुन्हां सुरू झाल्या. त्यांस जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. परंतु परवानगीचा कागद निराळा आणि पंचांच्या निर्णयाचा कागद निराळा.

या बाबतींत बर्फाच्या उतारावरील स्की-शर्यतींचा आंतरराष्ट्रीय नियम पाहण्यासारखा आहे. तेथें पंचमंडळाच्या निर्णयांचें टिपण ठेवावें लागतें. कोणत्या पंचानें कोणतें मत दिलें, हेंही त्यांत येतें. बाद झालेल्या स्पर्धकाचें नांव, चुकलेल्या फाटकाचा क्रमांक आणि तेथील निरीक्षकाचें नांव फलकावर लागतें. त्यानंतर पंधरा मिनिटांच्या आंतच तक्रार करतां येते.

तोंडी निर्णय ज्याच्या त्याच्या स्मरणाप्रमाणें बदलतो. लेखी कारण समोर असलें म्हणजे हरणाऱ्यास हार पचवितां येते, आणि पंचासही आपल्या मताची जबाबदारी टाळतां येत नाहीं.