पंचाची शिट्टी आणि खेळाडूचे पाऊल

आपल्या सिल्लोड तालुक्यात कबड्डीचा सामना असला म्हणजे मैदानाभोवती जितकी डोकी तितके पंच असतात. चढाई करणाऱ्याचा दम मध्येच सुटला काय, त्याचा अंगठा रेषेला लागला काय, ह्याचा निकाल खऱ्या पंचाने शिट्टी तोंडाला लावण्यापूर्वीच भोवतालची मंडळी देऊन मोकळी होतात. त्यात वावगे काही नाही. खेळ पाहण्याची निम्मी गोडी त्यातच आहे. पण एकदा स्वतःच्या गळ्यात शिट्टी आली म्हणजे हा आत्मविश्वास कोठल्या कोठे जातो, हे मी गेली अनेक वर्षे बास्केटबॉलच्या मैदानावर अनुभवीत आलो आहे. त्याविषयी चार गोष्टी सांगाव्या, म्हणून हा लेख.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझो येथील आशियाई क्रीडास्पर्धेत पुरुषांच्या कबड्डीचा अंतिम सामना झाला, तो पुष्कळांनी पाहिला असेल. भारत आणि इराण २८–२८ असे बरोबरीत असताना पवन सेहरावत कोणाला स्पर्श न करता लॉबीत गेला, आणि त्याच्या मागोमाग इराणचे रक्षकही गेले. कोण कोठे गेला ह्याविषयी वाद नव्हता. अशा वेळी जुना नियम लावावयाचा की नवा, ह्याविषयी होता. खेळ बराच वेळ थांबला, निर्णय फिरले, आणि अखेर भारत ३३–२९ असा जिंकला. हा वाद नियमाच्या अर्थाचा. दुसऱ्या प्रकारच्या वादात नियम सर्वांना मान्य असतो. डोळ्यांपुढे नेमके काय घडले ह्यावर मात्र एकमत होत नाही. आम्हा कामगार चळवळीतल्या लोकांना हे दोन्ही प्रकार ओळखीचे आहेत. करारातल्या कलमाचा अर्थ लावायचा असला तर वकील लागतो, आणि गेटवर कोणी कोणाला ढकलले हे ठरवायचे असले तर साक्षीदार लागतो. बास्केटबॉलचा पंच एकाच वेळी साक्षीदारही असतो आणि न्यायाधीशही, आणि निकाल द्यायला त्याला पुरता एक सेकंदही मिळत नाही. असा अधिकार मी कोणत्याही चौकशी अधिकाऱ्याच्या हाती जाऊ दिला नसता!

हा खेळ ज्याने काढला त्या जेम्स नायस्मिथ ह्या शिक्षकाला ही अडचण पहिल्या दिवसापासून दिसलेली होती. १८९१ च्या डिसेंबरात, अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, बंद व्यायामशाळेत पोरांना खेळायला काहीतरी हवे म्हणून त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या सज्ज्याला टांगल्या आणि तेरा नियम लिहून काढले. चेंडू हातात घेऊन धावायचे नाही, हा त्यातलाच एक. परंतु लगेच त्याने सवलतही जोडून दिली: वेगात धावताना ज्याने चेंडू झेलला, तो थांबण्याचा प्रयत्न करीत असेल तर ते विचारात घ्यावे. किती पावलांपर्यंत विचारात घ्यावे, हे त्याने लिहिले नाही. म्हणजे पंचाच्या तारतम्याला जागा मूळ नियमातच आहे. त्याने पंचही दोन नेमले, एक माणसांवर नजर ठेवणारा आणि दुसरा चेंडूवर. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. एकाच डोळ्याने चेंडू आणि माणूस दोन्ही पाहता येत नाहीत, हे त्याने ओळखले होते.

पुढे वाय. एम. सी. ए. च्या मार्फत खेळ आपल्या देशात आला. मुंबईत नागपाड्याच्या दाट वस्तीत तो असा रुजला की तिथल्या अब्बास मुन्तसिर ह्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. आपल्याकडे तो मुख्यतः शाळांच्या मैदानांवर आहे, आणि पुष्कळ ठिकाणी मातीवर आहे. मातीचा पंचाला एक फायदा आहे, पाऊल उमटते. तोटा असा की ते पाहायला वेळ नसतो.

आता पावलांचा नियम, ज्याला सारे ट्रॅव्हलिंग म्हणतात. उभ्या खेळाडूच्या हाती चेंडू आला आणि त्याने एक पाय उचलला की दुसरा पाय जमिनीला खिळला असे समजावयाचे. खिळल्या पायावर तो हवा तितका फिरू शकतो. टप्पे मारायला सुरुवात करायची असेल तर खिळलेला पाय उचलण्यापूर्वी चेंडू हातातून सुटला पाहिजे. फेकायचा असेल तर त्या पायावरून उडी मारता येते, पण पाय पुन्हा टेकण्याआधी चेंडू हातातून गेलेला हवा. धावता धावता चेंडू घेणाऱ्याला किंवा टप्पे संपवणाऱ्याला दोन पावले मिळतात. आणि खाली पडून घसरत गेला तर? प्रेक्षक हमखास ओरडतात, पण चेंडू धरून पडणे आणि घसरणे हा दोष नाही. चेंडू धरून लोळणे किंवा उठण्याचा प्रयत्न करणे हा दोष आहे.

सारी मेख आहे ती "पहिले पाऊल कोणते" ह्यात. २०१७ च्या ऑक्टोबरपासून आंतरराष्ट्रीय महासंघाने हे स्पष्ट केले. धावताना चेंडू हातात पक्का आला त्या क्षणी जो पाय जमिनीवर होता, तो मोजायचा नाही. त्याला शून्य म्हणावे. त्यानंतर टेकेल ते पहिले पाऊल आणि त्यानंतरचे दुसरे. म्हणून पंचाची नजर आधी हातांवर गेली पाहिजे, चेंडू आता आला हे मनाशी ठरले पाहिजे, आणि तेथून ती पायांवर उतरली पाहिजे. जो नुसते पाय मोजतो त्याची मोजणी चुकीच्या ठिकाणी सुरू होते.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण मी स्वतः चुकलो आहे. काही वर्षांपूर्वीचा एका शालेय स्पर्धेतला सामना होता, शेवटच्या मिनिटातला. खेड्यातल्या शाळेचा एक शिडशिडीत मुलगा टप्पे मारीत आला, उजवा पाय टेकलेला असताना त्याने चेंडू दोन्ही हातांत घेतला, मग डावा, मग उजवा, आणि चेंडू अलगद टोपलीत. मी तीन पावले मोजली आणि शिट्टी फुंकली. बास्केट रद्द झाले. मुलाने फक्त माझ्याकडे पाहिले, बोलला काही नाही. रात्री नव्या नियमांचे पुस्तक उघडून बसलो, तेव्हा कळले की मी जुन्या पुस्तकातला नियम लावला होता. पूर्वी तो टेकलेला पाय खिळलेला समजला जाई आणि मुलगा दोषी ठरला असता. आता तो शून्य होता. डोळ्यांनी मी बरोबर पाहिले होते, पण मोजायला लागलो ते एकापासून. हांगझोच्या वादाला हसण्याचा अधिकार मला नाही, तो ह्यामुळे.

फाऊलचे प्रकरण ह्याहून अवघड. प्रेक्षकांची समजूत अशी की अंगाला अंग लागले म्हणजे फाऊल. अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद जागेत दहा जण धावणार, ती अंगे लागणारच. नियम तीन प्रश्न विचारतो. ती जागा कोणाची होती, टक्करीची जबाबदारी कोणाची, आणि तिने कोणाचे नुकसान झाले. प्रत्येक खेळाडूभोवती एक काल्पनिक नळकांडे उभे आहे असे समजा: पुढे तळहातांपर्यंत, मागे पार्श्वभागापर्यंत, बाजूंना हातापायांच्या कडांपर्यंत. त्या नळकांड्यात आणि त्याच्या वरच्या हवेत मालकी त्याची. तो सरळ वर उडी मारो, हात सरळ वर करो, दोष नाही. हात पुढे कलला आणि दुसऱ्याच्या हवेत गेला की दोष.

सर्वांत वादाची टक्कर ती आक्रमक आणि वाट अडवणारा रक्षक ह्यांची. रक्षक पुतळ्यासारखा स्थिर उभा असलाच पाहिजे, असा एक गैरसमज शिक्षकांतसुद्धा आहे. नियमाला इतकेच हवे की त्याने प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकवून आपली जागा आधी घेतलेली असावी. त्यानंतर तो बाजूला किंवा मागे सरकला तरी जागा त्याचीच, आणि आक्रमक त्याच्या छातीवर आदळला तर दोष आक्रमकाचा. मात्र आक्रमक हवेत उडाल्यावर रक्षक त्याच्या वाटेत घुसला तर दोष रक्षकाचा. टोपलीखाली सव्वा मीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ आखलेले असते. त्यात उभ्या असलेल्या रक्षकावर हवेतला आक्रमक आदळला, तर साधारणपणे आक्रमकाला दोष देत नाहीत.

हे सारे पाहायचे तर चेंडूवाल्याकडे पाहून भागत नाही, रक्षकाकडे पाहावे लागते, आणि तेही टक्करीच्या आधीपासून. मी नव्या पंचांना सांगतो की दोघांच्या मधली फट दिसेल असे उभे राहा. दोघे एकामागे एक आले की तुम्हाला पाठ दिसते, आणि पाठीवरून कोण कोणाला लागला हे कळत नाही. मग जो पडतो त्याच्यावर विश्वास बसतो. पोरे ते ओळखून असतात आणि छान पडतात. खोट्या पडण्याला नियमात शिक्षा आहे, पण ती देण्यासाठी आधी फट दिसली पाहिजे. दोन पावले बाजूला सरकल्याने जेवढे वाद टळतात तेवढे दहा पुस्तके वाचून टळत नाहीत. आणि जे दिसले नाही त्यावर शिट्टी नको, मग गर्दी काहीही म्हणो.

नुकसानाचा प्रश्न राहिला. टोपलीखाली दोन दांडगे गडी खांद्याला खांदा लावून चेंडूसाठी झटत असतील तर आवाज मोठा येतो, पण दोघांपैकी कोणाचेच काही जात नाही, आणि नियमच सांगतो की असल्या स्पर्शासाठी खेळ थांबवू नये. उलट नेम धरून चेंडू सोडणाऱ्याच्या मनगटाला नुसते बोट लागले तरी चेंडूची दिशा पार बदलते. पहिला स्पर्श प्रेक्षकांना दिसतो, दुसरा दिसत नाही. म्हणून पंचाला दोन्ही वेळा शिव्या मिळतात.

तारतम्य म्हटले की पक्षपाताचे भय आलेच. त्यावर उपाय एकच मला ठाऊक आहे: पहिल्या मिनिटाला एका टोकाला जे माप लावले तेच शेवटच्या मिनिटाला दुसऱ्या टोकाला लावावे. बाजार समितीत मापाड्यांची संघटना बांधताना एक जुना मापाडी मला म्हणाला होता, "सकाळी एकाचं किलोभर कमी तोललं म्हणून संध्याकाळी त्याचं किलोभर जास्त तोललं, तर दोन तोल खोटे झाले." मैदानावर मला हे आठवायला हवे होते. त्या मुलाचे बास्केट मी रद्द केले तेव्हाच मनात कुठेतरी चुटपुट लागली होती, आणि पुढच्याच चढाईत त्याच्या संघाला मी एक फाऊल बहाल केला. स्पर्श झाला होता, पण त्या सामन्यात तसल्या स्पर्शाला मी तोवर एकदाही शिट्टी दिली नव्हती. दोन मुक्त फेकी मिळाल्या, एक लागली. संघ तरीही एका गुणाने हरला.

एका गुणाचे काय एवढे, असे कोणी म्हणेल. पुढच्या पातळीवर गेलेल्या खेळाडूला प्रमाणपत्र मिळते. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण असतात. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. ज्याच्या घरी शेत दोन एकर आणि भाऊ तीन, त्याला हा हिशेब पाठ असतो.

पंधरा दिवसांनी मी त्या शाळेत गेलो. शिक्षकांसमोर त्याला सांगितले, तुझे पाऊल बरोबर होते, चूक माझी. निर्णयाची चूक सामना संपल्यावर बदलता येत नाही, हेही सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, नियम दाखवा." पुस्तक त्याच्या हातात दिले. त्याने दोनदा वाचले, चेंडू घेऊन मैदानात गेला, आणि मला म्हणाला, "आता मोजा." मी कडेला, फट दिसेल असा उभा राहिलो आणि मोठ्याने मोजू लागलो: शून्य, एक, दोन.