गलाईच्या भट्टीतलं रसायन

पैंजणांची मोड सोनाराकडे दिली, की ती पुढे गलाईवाल्याकडे जाते. केरळ, पंजाब, बिहार, कुठल्याही सराफ पेठेत त्याला गाव विचारलं तर बहुधा विटा, आटपाडी नाहीतर खटाव-माण असं उत्तर येतं. पर्जन्यछायेतल्या या पट्ट्यात शेतीनं भागेना, म्हणून सांगली-साताऱ्याची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. लोक त्यांना कारागीर म्हणतात. माझ्या लेखी ते रसायनतज्ज्ञही आहेत.

त्यांचं रसायन कळायला आधी चांदी कळायला हवी. 'चांदीचा' या अर्थी रोमन लोक 'आर्जेंटियस' म्हणत. सम्राट डायोक्लेशियननं इसवी सन 294च्या सुमारास पाडलेल्या चांदीच्या नाण्याचं नावही तेच. आपला 'रजत' शब्द त्याच कुळातला. पण चांदीची म्हणवली जाणारी वस्तू निखळ चांदीची क्वचितच असते. शुद्ध चांदी मऊ, म्हणून तांबं मिसळतात. ब्रिटिश रुपयातही 1940 पर्यंत बारा भागांत अकरा भागच चांदी असे. मिसळलेलं तांबं पुन्हा काढायचं आणि टंच, म्हणजे शुद्धता, वाढवायची, ही गलाई.

मोड तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात टाकली की चांदी आणि तांबं दोन्ही विरघळतात. सोन्याचा अंश असलाच तर तपकिरी भुकटी होऊन तळाशी बसतो. द्रावणाला निळसर रंग येतो तो तांब्यामुळे. मग त्यात तांब्याची पट्टी सोडायची. तांबं चांदीपेक्षा सहज इलेक्ट्रॉन देतं. त्यामुळे पट्टी झिजत जाते आणि तिच्यावर राखाडी, लोकरीसारखी चांदी धरू लागते. ती धुऊन, वाळवून, टाकणखार घालून मुशीत आटवतात. चांदी 962 अंश सेल्सिअसला वितळते आणि त्या अवस्थेत स्वतःच्या आकारमानाच्या वीसपट ऑक्सिजन शोषून घेते. थिजताना तो वायू उसळून बाहेर पडतो, तप्त थेंब उडतात. रसावर कोळशाचा थर ठेवला की हवा अडते आणि लगड गुळगुळीत उतरते.

खरा धोका त्याआधीचा. तेजाबात धातू पडताच विटकरी धूर निघतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड. घसा जरा झोंबतो, माणूस काम चालूच ठेवतो आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं. साधा पंखा हा धूर फक्त शेजारच्या खिडकीत ढकलतो. धूर बंदिस्त धुराड्यातून ओढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून न्यायला हवा. एकट्या भट्टीवाल्याला हा खर्च जड जातो. सराफ पेठेनं मिळून उचलला, तर प्रत्येक भट्टीवर ही सोय होऊ शकते.