खलनायक नसलेला प्रलय

प्रलयाच्या गोष्टीत जग बुडते, मूठभर माणसे उरतात, त्यांच्यात सज्जन-दुर्जनांचे तट पडतात आणि शेवटची लढाई होते. कलियुगाच्या अखेरीस येणाऱ्या कल्कीची गोष्ट आपण पोथीतून ऐकली, २०२४ साली पडद्यावरही पाहिली. लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याच्या पट्ट्यात मात्र प्रलय कल्पनेने रचावा लागत नाही.

ऑक्टोबर १९९२ पासूनच किल्लारीला भूकंपाचे धक्के जाणवत होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी औसा, निलंगा, उमरगा तालुक्यांतली गावे कोसळली. गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले होते. हजारो गेले. मारले कोणी? दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या जड माळवदाने. ज्या घराने उन्हापासून जपले, त्यानेच. बोट दाखवायला दुष्ट कोणी नव्हता. गोष्ट ही उणीव भरून काढते, संकटाला चेहरा देते, म्हणून ती आपल्याला धरून ठेवते.

पण ही ओढ पुस्तकाबाहेर आली की घात करते. एप्रिल २०२० मध्ये निलंग्यात मुक्कामी असलेले परराज्यातले आठ प्रवासी करोनाबाधित निघाले. जिल्ह्यातले ते पहिले रुग्ण. भीतीला लगेच चेहरा सापडला. ते आजारी होते, वैरी नव्हते.

स्टीफन किंगच्या ‘द स्टँड’मध्ये (१९७८) साथीने जग मरते. त्यातला सैतानी पुरुष सर्वांच्या लक्षात राहतो. मला मात्र मोलाची वाटतात ती बोल्डर शहरात जमलेली साधी माणसे. ती प्रेते पुरतात, समित्या नेमतात, वीज सुरू करतात. चांगुलपणा तिथे लढाईत नाही, कामात दिसतो. किल्लारीनंतर आपल्याकडे हेच घडले. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. ज्ञान प्रबोधिनीने हराळीला शाळा उभारली. घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून उतरल्या. काम कसे चालले आहे, यावर नजर ठेवू लागल्या. प्रलयानंतरच्या कोणत्याही कादंबरीला पुरून उरेल एवढा हा ऐवज आहे.

लिहिणाऱ्यांनी तो आता हाती घ्यावा. भूकंपाच्या त्या पहाटे विशीत असलेल्या माणसांनी आज पन्नाशी ओलांडली आहे. त्यांच्याकडे जा, बसा आणि ऐका.