फोर्ट विल्यमचा पगार, श्रीरामपूरचे कार्य

सेवाभावी संस्था म्हटली की तिची शाळा, तिचा दवाखाना किंवा तिचे वसतिगृह डोळ्यांसमोर येते. तिची खतावणी सहसा येत नाही. दरवर्षी २ ते ८ ऑक्टोबर या काळात देशभर ‘दान उत्सव’ साजरा होतो. २००९ मध्ये आरंभ झालेल्या या उपक्रमात कोणी पैसा देतो, कोणी वेळ, तर कोणी आपले कौशल्य. आठवडाभर संस्थाचालकांसमवेत बसणाऱ्यास दोन प्रश्न हमखास भेटतात : निधी कोठून आणावा आणि काम जाणणारी माणसे कशी घडवावीत? या प्रश्नांचा एक जुना धडा कोलकात्याच्या फोर्ट विल्यमशी निगडित आहे, आणि त्याचा एक धागा थेट मराठीपर्यंत पोहोचतो.

हुगळीकाठचा सध्याचा किल्ला प्लासीच्या लढाईनंतर बांधला गेला. आज तेथे भारतीय लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय असून, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील किल्ल्याच्या स्मरणार्थ त्यास ‘विजय दुर्ग’ हे नाव देण्यात आले आहे. १८०० मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविण्यासाठी महाविद्यालय स्थापन केले. त्यास नाव किल्ल्याचे मिळाले. वर्ग मात्र पुढे रायटर्स बिल्डिंगमध्ये भरत.

तीन वाटांनी येणारा पैसा

१८०१ मध्ये या महाविद्यालयात विल्यम कॅरे यांची नेमणूक झाली. इंग्लंडमध्ये पादत्राणे तयार करणारे हे कारागीर १७९३ मध्ये मिशनरी म्हणून बंगालमध्ये आले होते. प्रारंभी त्यांचे वेतन दरमहा ५०० रुपये होते. पुढे ते १,००० रुपये झाले. त्या काळी ही रक्कम मोठी होती. तथापि निर्वाहापुरते ठेवून उरलेला पगार ते श्रीरामपूरच्या सामाईक निधीत जमा करीत. डेन्मार्कच्या ताब्यातील त्या गावी त्यांचे सहकारी जोशुआ मार्शमन व त्यांच्या पत्नी हॅना निवासी शाळा चालवीत, तर विल्यम वॉर्ड छापखाना सांभाळीत. शाळेची फी, छपाईचे उत्पन्न आणि कॅरे यांचा पगार या तिन्ही वाटांनी येणारा पैसा एकाच ठिकाणी गोळा होई व त्यातून कार्य चाले. १८१८ पर्यंत गावोगावच्या त्यांच्या प्राथमिक शाळांची संख्या शंभरावर गेली होती.

मराठीच्या दृष्टीने या छापखान्याचे महत्त्व विशेष आहे. कॅरे महाविद्यालयात मराठीही शिकवीत. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. पुढे ‘सिंहासन बत्तिशी’सारखी गद्य पुस्तकेही येथूनच मोडी लिपीत बाहेर पडली.

जळाले काय, उरले काय

११ मार्च १८१२ रोजी छापखान्यास भीषण आग लागली. कागद, खिळे आणि अनेक वर्षांच्या श्रमाची हस्तलिखिते भस्मसात झाली. हानी सुमारे १०,००० पौंडांची होती. ही वार्ता ब्रिटनमध्ये पोहोचताच लहानमोठ्या देणग्यांचा ओघ सुरू झाला आणि अवघ्या दोन महिन्यांच्या आत तेवढी रक्कम उभी राहिली.

परंतु केवळ पैशाने छापखाना पुन्हा सुरू झाला नसता. खिळे ओतण्याचे साचे बचावले होते आणि ते वापरणारे हातही शाबूत होते. पंचानन कर्मकार या कुशल कारागिराने आपली विद्या जावई मनोहर यास शिकविली होती. पंचानन यांच्या निधनानंतरही ती विद्या छापखान्यातच राहिली. वितळलेल्या धातूतून नवे खिळे ओतण्यास आगीनंतर लवकरच प्रारंभ झाला. एका माणसाचे कौशल्य दुसऱ्याच्या हाती वेळीच सोपविले गेले, हा त्या संस्थेचा विमाच ठरला.

एकाच टोपलीचा धोका

आगीतून सावरलेली संस्था पुढे हिशेबाच्या पानावर अडखळली. त्या काळी कोलकात्यात व्यापारी पेढ्या ठेवी स्वीकारीत आणि तोच पैसा निळीसारख्या जोखमीच्या व्यापारात गुंतवीत. जानेवारी १८३० मध्ये पामर आणि कंपनी बुडाली. पुढील चार वर्षांत इतर मोठ्या पेढ्याही एकामागून एक कोसळल्या. शाळांसाठी राखून ठेवलेले श्रीरामपूरचे निधी त्यात नष्ट झाले. त्याच सुमारास सरकारने महाविद्यालयाचा खर्च आटोपता घेतल्याने कॅरे यांचे उत्पन्नही निम्म्यावर आले. ठेवी गेल्या आणि पगारही आटला. कॅरे यांचे १८३४ मध्ये निधन झाले, तेव्हा संस्थेपुढील चिंता मिटलेली नव्हती. तरीही १८१८ मध्ये स्थापन झालेले श्रीरामपूर महाविद्यालय टिकले व आजही सुरू आहे.

त्या ठेवीदारांना कोणतेही संरक्षण नव्हते. आपल्या देशात ठेव विम्याची व्यवस्था १९६२ पासून आहे आणि फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारास प्रत्येक बँकेमागे ५ लाख रुपयांपर्यंत हे संरक्षण मिळते. कंपन्यांनाही, विहित निकषांत बसत असल्यास, मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करण्याचे बंधन २०१३ च्या कंपनी कायद्याने घातले आहे. व्यवस्था सुधारली, सावधगिरीची गरज मात्र संपलेली नाही.

म्हणूनच एखाद्या संस्थेस देणगी देणाऱ्या ग्राहकाने तिचे कार्य पाहावे, तसाच तिचा लेखापरीक्षित ताळेबंदही मागावा. तिचे उत्पन्न किती वाटांनी येते, शिल्लक कोठे ठेवली आहे आणि हिशेब जाणणारी दुसरी व्यक्ती संस्थेत आहे काय, हेही विचारावे. बँकेच्या कर्मचाऱ्याने अशा संस्थेच्या तरुण कार्यकर्त्यास रोकडवही लिहिण्यास आणि खात्याचा ताळमेळ घालण्यास शिकविले, तर तेही दानच होय. सप्ताह संपतो, धनादेश वटतो व खर्चही होतो. शिकलेला हात मात्र पुढच्या वर्षीही कामास येतो.