परक्या मैदानावरील बास्केटबॉलपटू

दिल्लीला लागूनच असलेल्या ग्रेटर नोएडा येथे 2017 साली अमेरिकेच्या 'एनबीए' या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेने भारतातील निवडक मुलांसाठी एक प्रशिक्षणकेंद्र सुरू केले. पंजाबातला प्रिन्सपाल सिंग हा तरुण या केंद्रात घडला, तेथून ऑस्ट्रेलियास गेला आणि 2020 साली अमेरिकेतील एका व्यावसायिक संघाशी करारबद्ध झाला. त्यापूर्वी सतनाम सिंग हा पंजाबचाच मुलगा वयाच्या चौदाव्या वर्षी, इंग्रजी जवळजवळ येत नसताना, फ्लोरिडात शिकावयास गेला होता. 2015 साली एनबीएच्या वार्षिक निवडीत डॅलसच्या संघाने त्याला निवडले. अशी वाट आता आपल्या मुलांना दिसू लागली आहे. तेव्हा परदेशी खेळावयास जाणाऱ्याला नेमके काय बदलावे लागते, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही.

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर युरोपात सापडते. कारण अमेरिकन खेळाडू तेथे कित्येक दशके जात आहेत. 1965 साली ऑक्सफर्डला शिकावयास आलेला बिल ब्रॅडली मिलानच्या संघाकडून खेळला आणि 1966 साली त्या संघाने युरोपीय चषक जिंकला. आज स्पेन, इटली, ग्रीस, तुर्कस्तान, लिथुआनिया या देशांतील संघांत अमेरिकन खेळाडू सर्रास आढळतात.

खेळ तोच असला तरी नियम मात्र तेच नाहीत. एनबीएचा सामना 48 मिनिटांचा, तर युरोपात आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे 'फिबा'च्या, नियमांप्रमाणे तो 40 मिनिटांचा असतो. तीन गुणांची रेषा अमेरिकेत समोरून 7.24 मीटरवर असते, तर युरोपात 6.75 मीटरवर. तेथे सहाव्या वैयक्तिक चुकीला खेळाडू बाद होतो, येथे पाचव्याच चुकीला. पण खरा फरक पुढेच आहे. एनबीएत बचाव करणाऱ्या खेळाडूला, जवळ प्रतिस्पर्धी नसताना, बास्केटखालच्या क्षेत्रात तीन सेकंदांहून अधिक काळ उभे राहता येत नाही. युरोपात असे बंधन नाही. त्यामुळे उंचापुरा बचावपटू बास्केटखाली ठाण मांडून बसतो, आणि एकट्याच्या बळावर मुसंडी मारण्याची सवय असलेल्या अमेरिकन खेळाडूची वाटच बंद होते. मग त्याला चेंडू लवकर सोडावा लागतो, सहकाऱ्याच्या हालचालीवर नजर ठेवावी लागते आणि प्रशिक्षकाने आखलेल्या योजनेत स्वतःचे स्थान शोधावे लागते. ज्याला हे साधत नाही, त्याची उडी कितीही उंच असली तरी ती फारशी कामास येत नाही.

दुसरा फरक स्पर्धेच्या रचनेचा आहे. एनबीएतला संघ सर्वांत खाली राहिला तरी पुढील वर्षी त्याच स्पर्धेत खेळतो. स्पेनसारख्या देशात मात्र तळाचे संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात. साहजिकच प्रत्येक पराभव तेथे फार झोंबतो, आणि परदेशी खेळाडू अपेक्षेस उतरला नाही तर हंगामाच्या मध्येच त्याच्या जागी दुसरा आणला जातो. काही संघ वेतनही वेळेवर देत नाहीत. करारांवरून इतके तंटे उद्भवू लागले की 2007 साली फिबाला त्यांच्यासाठी स्वतंत्र लवाद स्थापावा लागला. यावरून, करार नीट वाचणे हेही या खेळाडूच्या कौशल्यातच मोडते, हे ध्यानात येईल.

आता आपल्याकडे वळू. भारतातील राष्ट्रीय स्पर्धा फिबाच्याच नियमांनी खेळल्या जातात. म्हणजे अमेरिकन खेळाडूला युरोपात ज्या गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात, त्या आपल्या मुलाच्या अंगवळणी पडलेल्या असतात. उणीव आहे ती कसोटीच्या सामन्यांची. युरोपातील क्लब मुलांना लहानपणीच आपल्याकडे घेतात. स्लोव्हेनियाचा लुका डोंचिच तेराव्या वर्षी रेआल माद्रिदकडे गेला आणि 2015 साली, सोळाव्या वर्षी, त्यांच्या मुख्य संघात उतरला. प्रौढ, कसलेल्या खेळाडूंशी झुंजण्याची अशी संधी आपल्याकडे फार उशिरा मिळते.

शिवाय आपल्या खेळाडूपुढे आणखी एक पेच असतो. रेल्वे, सैन्यदल किंवा तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळ यांच्या संघात निवड झाली की खेळाबरोबर नोकरीही मिळते. सामान्य घरातल्या मुलाला हा मोठाच आधार असतो. तो सोडून एका हंगामाच्या कराराच्या भरवशावर परमुलखात जाणे हे केवळ धाडसाचे काम नव्हे. त्यात अवघ्या कुटुंबाचा हिशेब गुंतलेला असतो. त्यामुळे जो जात नाही त्याला भित्रा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

परंतु ज्याला जायचे आहे, त्याची तयारी मैदानापुरती ठेवून भागणार नाही. प्रशिक्षकाची सूचना तत्काळ उमजेल इतकी भाषा, कराराचा अर्थ समजावून देणारा जाणता माणूस, परके अन्न, कडाक्याची थंडी आणि एकटेपणा सोसण्याची सवय, या गोष्टी नेमबाजीइतक्याच निष्ठेने शिकवल्या पाहिजेत. उंची निसर्गाने दिलेली असते. परक्या संघात टिकून राहण्याची विद्या मात्र शिकवावी लागते, आणि ती मुलगा विमानात बसण्यापूर्वीच शिकवलेली बरी.