तांब्याची एक रेघ

आमच्या घरातला तंबोरा पाच वर्षे मुका होता. तंबोरा म्हणजे मिरजेचा, भोपळ्याचा नव्हे. तो घेण्याची ऐपत नोकरीच्या सुरुवातीला नव्हती आणि ऐपत आली तेव्हा दर तीन वर्षांनी होणाऱ्या बदल्यांत तो सांभाळणार कोण, हा प्रश्न होता. आमचा आपला इलेक्ट्रॉनिक तंबोरा. ट्रान्झिस्टरएवढी पेटी, पुढे चार गोल खुंट्या. एवढ्यावर माझ्या बायकोने तीन गावांत, भाड्याच्या घरांत गाण्याचे वर्ग चालवले. मार्च २०२० मध्ये वर्ग बंद पडले, पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर गेली आणि तिच्या पोटातले सेल काढायला आम्ही दोघेही विसरलो. (रोज संध्याकाळी रोकड मोजून दोन किल्ल्यांनी तिजोरी बंद करण्यात जन्म गेलेल्या माणसाने हे विसरावे, असे मला नंतर दोनदा ऐकवण्यात आले.)

शेजारची मुलगी शिकायला येते म्हणाली तेव्हा पेटी खाली आली. सेलच्या खान्यात पांढरट हिरवा थर, स्प्रिंगा गंजून गेलेल्या. कंपनीकडे फोन केला. ते मॉडेल बंद झाले आहे, बोर्ड मिळत नाही, नवा घ्या, असे गोड आवाजात उत्तर मिळाले. मुलाने मोबाइलवर तंबोऱ्याचे ॲप घालून दिले. बायकोने डोळे मिटून सा लावला आणि नेमका त्याच क्षणी मोबाइल टिंग करून वाजला. माझ्याच जुन्या बँकेचा निरोप होता : आपल्याला कर्ज हवे आहे का?

तेव्हा मी पेटी पिशवीत घातली आणि बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली.

जिन्याखालच्या खोपटात, माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी लहान असे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी पेटी उघडली आणि पहिला प्रश्न विचारला, “सेल कुठले होते, साहेब? साधे की अल्कलाइन?” मला वाटले, वॉरंटीचा काही प्रकार असावा. तसे नव्हते. साध्या सेलमधून आम्लधर्मी रस पाझरतो, त्याला खाण्याचा सोडा. अल्कलाइन सेलमधून पाझरतो तो अल्कधर्मी, त्याला व्हिनेगर. रोगी दारात आल्यावर आधी काय खाल्ले होते ते विचारणाऱ्या वैद्यासारखे हे होते. आमचे सेल साधे. त्यांनी सोड्याच्या पाण्यात जुना टूथब्रश बुडवून बोर्ड घासला, पुसला, मग स्पिरिटने धुऊन हेअर ड्रायरने वाळवला. धुतल्यावर खरे दुखणे दिसू लागले.

बोर्ड म्हणजे तपकिरी रंगाची पातळ फळी. तिच्या एका अंगाला सुटे भाग आणि दुसऱ्या अंगाला तांब्याच्या रेघा. या रेघांना तिकडे ट्रॅक म्हणतात. हे तांबे किती जाड असावे? सर्वसाधारण बोर्डावर ३५ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण निम्मे. त्याच्यावर लाखेसारखा संरक्षक लेप. सेलचा रस या लेपाखाली शिरतो आणि आतल्या आत तांबे खातो. वरून रेघ सलग दिसते, पण तिच्यात जीव नसतो. (अशी काही खाती मी लेजरमध्ये पाहिली आहेत.) त्यांनी बोर्ड दिव्यासमोर धरला, मग मीटरच्या दोन सुया एकेका रेघेच्या दोन टोकांना टेकवत गेले. रेघ जिवंत असली की मीटर ‘टीं’ करी. पाचव्या ठिकाणी तो गप्प राहिला, सातव्या ठिकाणी पुन्हा.

“एवढीशी फट आहे,” मी म्हणालो, “तिच्यावर डागच का देत नाही?”

“धरेल की. महिनाभर.” त्यांनी वर पाहिले नाही. “डाग मऊ असतो, साहेब. यंत्र तापतं, निवतं, फळी थोडी हलते. फटीवर नुसता डाग असला की त्याला चीर जाते. भार घ्यायला तांबंच पाहिजे.”

मग त्यांनी जे केले ते मी स्टुलावर बसून तासभर पाहिले. ऑपरेशनला वापरतात तसल्या टोकदार पात्याने फटीच्या दोन्ही बाजूंचा लेप आणि काळे पडलेले तांबे हलके खरवडले. गुलाबी, ताजे तांबे दिसेपर्यंत. त्याला राळेची पेस्ट लावली आणि सोल्डरिंग गनचे टोक टेकवून कथलाचा पातळ हात फिरवला. आमच्या लहानपणी दारावर येणारा कल्हईवाला नवसागराची चिमूट टाकून तापल्या पातेल्यात कापसाचा बोळा फिरवी आणि काळे पातेले चंद्रासारखे होई. तेच काम, तोच धातू, फक्त पातेले एक मिलिमीटरचे. टोक मात्र क्षणभरच टेकवायचे. जास्त वेळ ठेवले तर फळी आणि तांबे यांमधला चिकटा सुटतो आणि रेघ सालासारखी वर येते. त्यांच्या भाषेत ‘प्रिंट उखडली’. नवशिक्याच्या हातून बोर्ड बिघडतात ते बहुतेक असे.

मग विजेच्या लवचिक वायरीतले तांब्याचे एकच केस त्यांनी चिमट्याने ओढून काढले, त्यालाही कथील लावले, रेघेच्या वळणासारखे वळवले आणि फटीच्या दोन्ही बाजूंना थोडे थोडे पुढे जाईल असे निजवून डाग दिले. एवढ्याशा केसातून तेवढी वीज जाईल का, असे मी विचारले, ते हसले. घरी येऊन मी आकडेमोड केली. एक मिलिमीटर रुंदीच्या रेघेत जेवढे तांबे असते, जवळजवळ तेवढेच ०.२ मिलिमीटर जाडीच्या त्या केसात भरते. हिशेब जुळला. दुसऱ्या ठिकाणी रेघेचे टोकच गळून गेले होते. तिथे त्यांनी आयसीच्या पायापासून पुढच्या रेझिस्टरपर्यंत बारीक वायर सरळ नेली. हा जम्पर. सगळे झाल्यावर जोडांवर नेलपॉलिशचा थेंब. बाटली गुलाबी होती.

या छापील रेघांचा जनक पॉल आइसलर हा व्हिएन्नाचा ज्यू इंजिनिअर. छापखान्यातल्या कामाची त्याला ओळख होती. नाझींच्या छायेतून तो १९३६ साली लंडनला आला, आणि जे कागदावर छापता येते ते तांब्यात का छापू नये, असे त्याच्या मनाने घेतले. रेडिओतले वायरींचे जंजाळ त्याने रेघांवर आणले. एका कंपनीला दाखवले तर उत्तर मिळाले की हे काम आमच्याकडे मुली करतात आणि मुली स्वस्त पडतात. पेटंटसाठी त्याने १९४३ मध्ये अर्ज केला. युद्धाने त्याची कल्पना उचलली आणि मग ती घरोघर गेली.

‘नाही’ म्हणणाऱ्या त्या साहेबाला हसण्याचा अधिकार मला नाही. १९९४ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखेत कर्जाचे टेबल सांभाळत होतो. पंतप्रधान रोजगार योजना नुकतीच, आदल्या वर्षीच्या २ ऑक्टोबरला सुरू झाली होती. एक तरुण आला, आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा कोर्स केलेला. अर्जात ‘मालाचा साठा’ या रकान्यापुढे त्याने लिहिले होते, ‘लागत नाही’. मी विचारले, मग तू विकणार काय? तो म्हणाला, “विकणार नाही साहेब, दुरुस्त करणार.” आणि पिशवीतून त्याने टीव्हीचा एक बोर्ड काढून टेबलावर ठेवला. जळालेल्या ट्रॅकच्या जागी त्याने वायर टाकली होती, ती दाखवायला. मला दिसले ते ठिगळ. ‘प्रकल्पातून मालमत्ता उभी राहत नाही’ असा शेरा मारून मी अर्ज परत पाठवला. त्याच महिन्यात मी एसटीडी बूथची तीन प्रकरणे मंजूर केली.

तो तरुण पुन्हा आला नाही. माझ्या एका कादंबरीत तो येऊन जातो. तिथे मी त्याला कर्ज दिले आहे. कादंबरीत ते फुकट असते.

स्टुलावर बसल्या बसल्या हे सगळे मी त्या गृहस्थांना सांगून टाकले. कां सांगितले कोण जाणे. ते डाग निवण्याची वाट पाहत होते. “मलाही बँकेने नाहीच दिलं,” ते म्हणाले. “सासऱ्यांनी दिलं. फेडलं.” आणि मीटर पुढे ओढला. मी विषय बदलला. २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढले, असे सांगितले. पूर्वी रेडिओच्या झाकणाच्या आत सर्किटचे ड्रॉइंगच चिकटवलेले असे, ते त्यांना आठवत होते. “त्या पोर्टलवर तुमच्या पेटीचं ड्रॉइंग मिळालं तर आणून द्या,” ते म्हणाले. “निम्मा तास वाचला असता.”

मीटर दोन्ही ठिकाणी टीं म्हणाला. झाकण लावण्यापूर्वी त्यांनी एका चिठोऱ्यावर तारीख आणि कुठला ट्रॅक कुठून कुठे जोडला ते लिहून झाकणाच्या आत चिकटवले. मी कौतुकाने पाहिले. लेजरमध्ये चूक झाली तर आम्हाला खाडाखोड करायची मुभा नव्हती. चुकीचा आकडा एका रेघेने असा खोडायचा की खालचे वाचता यावे, वर बरोबर आकडा आणि बाजूला सही. “पुढे कुणी उघडलं तर त्याला कळावं,” ते म्हणाले. पुढे कोण उघडणार, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. बिल साडेतीनशे रुपये. गॅरंटी विचारली तर म्हणाले, “या दोन जोडांची माझी. बाकीच्या फळीचं वय झालंय.”

घरी बायकोने पेटी चालू केली. थोडी खरखर झाली, मग काळी चारचा षड्ज आला. तिने कान देऊन ऐकले, म्हणाली, “पंचम उतरलाय,” आणि खुंटी किंचित फिरवली. मग ती अर्धा तास गायली. आवाज वरच्या सुरांत दोनदा अडकला, तिथे ती थांबली आणि पुन्हा खालून आली. मी आतल्या खोलीत पेपर उलटाच धरून बसलो होतो.

गाणे संपल्यावर तिने पेटी पालथी केली, एकेक करून सगळे सेल काढले आणि आणून माझ्या हातात ठेवले.