तीन नळ्यांचा हिशेब

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे नातेवाईक साधारण तीन कामांसाठी येतात. मुदत ठेवीचा दर विचारायला, फॉर्म भरून घ्यायला आणि जामीन राहायला. २०२४च्या जानेवारीत एका रविवारी सकाळी माझी पुतणी चौथंच काम घेऊन आली. "काका, तुला खर्चाचं अंदाजपत्रक तपासता येतं ना?" मला वाटलं, हिनं मैत्रिणींबरोबर भिशी सुरू केलेली दिसते.

ती पुण्यातल्या एका विज्ञान संस्थेत तिसऱ्या वर्षाला होती. तिथल्या विद्यार्थ्यांचा एक संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरणार होता. त्यात तिची निवड झाली होती आणि हिशेबाची माळ तिच्याच गळ्यात पडली होती. स्पर्धा कसली, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "जिवाणूंना नवीन काम शिकवायची." आमची सौ. पोहे परतत होती. तिनं ओट्यापाशूनच विचारलं, "ते जिवाणू पर्समधून इथे नाही ना आणलेस?"

खरी अडचण पोह्यांपाशी नव्हती. तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, हा उद्योग मुळीच पसंत नव्हता. दहा महिने त्यात गेले तर एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास कधी करणार, हा त्याचा सवाल. त्यानं मला आदल्या रात्रीच फोन करून ठेवला होता. "दादा, तुझं ती ऐकते. तिला समजाव." आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचंच म्हणणं पटत होतं. समजवायचं तर आधी समजून घ्यावं, एवढ्याच हेतूनं मी ते कागद वाचायला घेतले.

स्पर्धेचं नाव आयजेम. 'इंटरनॅशनल जेनेटिकली एंजिनिअर्ड मशीन' या लांबलचक नावाचं ते लघुरूप. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये २००३ साली विद्यार्थ्यांसाठी जानेवारी महिन्यापुरता एक अभ्यासवर्ग झाला, त्यातून ती निघाली. २००४ मध्ये पाच अमेरिकी विद्यापीठं उतरली होती. २०२४ मध्ये जगभरातून चारशेच्या वर संघ होते. मुळात या कल्पनेमागे टॉम नाइट नावाचा संगणक अभियंता होता. त्याचं म्हणणं असं, की विजेच्या उपकरणात जसे ठरावीक मापाचे सुटे भाग एकमेकांना जोडता येतात, तसे जनुकांचे तुकडेही ठरावीक पद्धतीनं जोडता आले पाहिजेत. या तुकड्यांना त्यानं 'बायोब्रिक' म्हटलं. जीवशास्त्रातल्या विटाच म्हणा ना. म्हणून तर सर्वोच्च पारितोषिक म्हणून धातूची एक चकचकीत वीटच देतात!

या विटांनी पोरांनी काय काय बांधलं, ते वाचताना माझा रविवार कधी संपला कळलं नाही. २००६ मध्ये एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी वाढीच्या काळात विंटरग्रीनचा आणि वाढ थांबली की केळ्याचा वास देणारे जिवाणू केले. त्याच वर्षी एडिंबरोच्या संघानं पाण्यातलं आर्सेनिक ओळखणारा जिवाणू मांडला. बंगळुरूच्या कला-शाखेच्या विद्यार्थ्यांनी तर २००९ मध्ये पहिल्या पावसाचा मातीचा वास जिवाणूकडून मिळवायचं ठरवलं. कादंबरीकार म्हणून मला त्यांचा हेवा वाटला. तो वास शब्दांत आणायला मी तीन कादंबऱ्यांत तीनदा प्रयत्न केला आहे आणि तिन्ही वेळा फसलो आहे.

आणखी एका गोष्टीनं मी थक्क झालो. हरगोविंद खोराना यांच्या चमूनं १९७० मध्ये ७७ अक्षरी जनुक प्रयोगशाळेत रचल्याचं जाहीर केलं, त्यामागे काही वर्षांची मेहनत होती. आज ही मुलं शेकडो अक्षरांचा मजकूर संगणकावर लिहून एखाद्या कंपनीकडे पाठवतात आणि तो डीएनए चिमुकल्या नळीत वाळवून कुरिअरनं घरपोच येतो. पूर्वी धनादेश वटायला लागायचे तेवढ्या दिवसांत!

असो. आमच्या मुलीच्या संघात दहा-बारा जण होते. सगळेच काही जीवशास्त्राचे नव्हते. गणिताचे होते, संगणकाचे होते, एक मुलगी नुसती चित्रं काढायची. त्यांनी विषय घेतला होता पाण्यातल्या फ्लोराइडचा. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड गेलं आणि तेच पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, की आधी दातांवर डाग पडतात, पुढे हाडं आखडतात. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर भागातल्या कित्येक गावांचं हे जुनं दुखणं. फ्लोराइडला ओळखणारी एक कळ काही जिवाणूंत निसर्गतःच असते. येल विद्यापीठातल्या रोनाल्ड ब्रेकर यांच्या गटानं ती २०१२ मध्ये उजेडात आणली. ती कळ उचलायची, तिच्यापुढे हिरवा उजेड देणारं जनुक जोडायचं आणि प्रयोगशाळेतल्या निरुपद्रवी ई. कोलाय जिवाणूत बसवायचं. पाणी घातलं आणि नळी हिरवी झाली, की समजायचं, पाणी धोक्याचं.

आमच्या सौ.च्या शंकेचं उत्तरही मिळालं. अशा कामाला आपल्याकडे १९८९ची नियमावली आहे, संस्थेची जैवसुरक्षा समिती असते आणि बदललेला जिवाणू प्रयोगशाळेच्या दाराबाहेर नेता येत नाही. पाणी जिवाणूकडे यायचं, जिवाणू विहिरीकडे जायचा नाही.

पाणी आणायला मे महिन्यात ही मंडळी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात गेली. स्पर्धेचा दंडकच आहे, की ज्यांच्यासाठी करता त्यांना जाऊन भेटा. हातपंपापाशी एका बाईनं यांचं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पानी खराब हाय हे मले ठाऊक हाय, पोरीहो. पोराचे दात पाहूनच समजते. चांगलं पानी कोठी हाय, ते सांगनारं काही बनवा ना." पुतणी रात्री फोनवर हे सांगताना गप्पच झाली. पाणी तपासायच्या पेट्या तर आधीपासूनच आहेत, जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच बायकांना तपासणी शिकवायची योजनाही ठरलेली. मग आपली नळी कशाला? पण त्या बाईच्याच बोलण्यात वाट होती. एकाच गावात एका बोअरचं पाणी वाईट असतं आणि दोन शेतं ओलांडून दुसऱ्याचं बरं असतं. प्रत्येक विहीर, प्रत्येक बोअर वारंवार तपासायचा तर तपासणी अगदी स्वस्त हवी. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर तिनं त्या बाईचं वाक्य लिहून ठेवलं.

पैशांचं मी फार लांबवत नाही. नोंदणीची फी हजारो डॉलरांची, शिवाय रसायनं, शिवाय ऑक्टोबरमध्ये पॅरिस. देणग्या मागायची पत्रं मी तपासली, प्रत्येकातलं 'क्रांतिकारी' हे विशेषण खोडलं. शेवटी पॅरिसला तिघांनीच जायचं ठरलं.

आणि मग सप्टेंबर उजाडला.

एका रात्री साडेअकराला फोन. "काका, झोपला होतास?" आवाजावरूनच कळलं. जिवाणू भरपूर फ्लोराइड घातलं की हिरवा व्हायचा. पण दीड मिलिग्रॅमला, म्हणजे जिथे गरज तिथे, ढिम्म. कारणही कळलं होतं. ई. कोलायमध्ये फ्लोराइड बाहेर फेकणारी स्वतःचीच एक यंत्रणा असते. घरात शिरलेलं पाणी मालक सतत बादलीनं उपसत असेल, तर पुराची घंटा वाजणार कशी? ती यंत्रणा काढून टाकलेला जिवाणू आणून सगळं पुन्हा करायला दोन महिने हवे होते आणि हातात होते तीन आठवडे. पण त्या दिवशी केलेल्या तीन नळ्यांपैकी एक हिरवी झाली होती. का, ते कुणालाच सांगता येईना. संघातल्या एकाचं म्हणणं होतं, त्या एकाच नळीचा फोटो अहवालात टाकू. खोटं थोडंच आहे? झालीच होती ना हिरवी!

"तुमच्या बँकेत बेरीज जुळली नाही तर काय करायचात तुम्ही?" तिनं विचारलं.

मी तिला जे सांगितलं, ते तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सौ.लासुद्धा.

३१ डिसेंबर १९८६. तेव्हा बँकांचं वर्ष डिसेंबरअखेर संपायचं. मी एका तालुक्याच्या गावी शाखेत नवा अधिकारी. रात्रीचे दोन वाजले होते आणि बचत खात्यांच्या बेरजेत अठरा रुपये कमी येत होते. अठरा! कारकून पेंगुळलेले, मॅनेजर चिडलेले. मी बॅलन्सिंगच्या वहीत एका खात्यापुढे अठरा रुपये जास्त लिहिले. बेरीज जुळली, सगळे घरी गेले. फेब्रुवारीत उलगडा झाला. चूक अठराची नव्हतीच. एका विधवा बाईंच्या निवृत्तिवेतनाचे सहाशे रुपये त्यांच्या खात्यावर चढवायचे राहिले होते आणि दुसऱ्या कुणी काढलेले पाचशे ब्याऐंशी त्याच्या खात्यातून उतरवायचे राहिले होते. दोन चुका एकमेकींत वजा होऊन अठरा उरले होते. त्या बाई एसटीनं दोनदा येऊन रिकाम्या हातानं परत गेल्या होत्या. पैसे मिळाल्यावर मला म्हणाल्या, "साहेब, मला वाटलं सरकारनंच बंद केलं." माझी चूक कुणाच्या लक्षात आली नाही. मीही सांगितली नाही.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "काका, तू मग बढतीही घेतलीस?" घेतली होती. मी "हो" म्हटलं. तिनं फोन ठेवला.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला संघांच्या संकेतस्थळांना कुलूप लागतं, त्यानंतर एक अक्षर बदलता येत नाही. मी आमच्यांचं उघडून पाहिलं. तिन्ही नळ्यांचे फोटो शेजारी शेजारी होते. खाली लिहिलं होतं, की तिसरी हिरवी का झाली हे आम्हाला ठाऊक नाही, तिच्यावरून काही ठरवू नये. या स्पर्धेत कुणी काय केलं आणि कुणाची मदत घेतली, हेही उघड लिहावं लागतं. त्या यादीत मी होतो. कामापुढे 'हिशेब' एवढंच.

पॅरिसला परीक्षकांनी त्या तिसऱ्या नळीवरच प्रश्नांची सरबत्ती केली म्हणे. इथे पदकाचे निकष ठरलेले असतात, ते जो पुरे करील त्या प्रत्येक संघाला पदक. फसलेल्या प्रयोगातून काय शिकलात, हे नीट दाखवलं तर तेही धरतात. यांना रौप्य मिळालं. भावानं ते पदक हातात घेऊन वजन पाहिलं आणि विचारलं, "परीक्षेचा फॉर्म कधी भरणार?" तिनं भरला नाही. त्यावरून त्यांच्या घरात अबोला होता तो संक्रांतीपर्यंत.

डिसेंबरात ती पुन्हा त्या गावी जाऊन आली. मराठीत लिहिलेला दोन पानी अहवाल आणि त्यांनी तपासून आणलेल्या सगळ्या बोअरचे साध्या यंत्रावरचे आकडे. त्या आकड्यांत एक बोअर बरी निघाली होती, गावापासून जरा लांब. बाईनं कागद घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला आणि विचारलं, "अन् तुमचा तो जीव?"

"अजून शिकतोय," ही म्हणाली.

जानेवारीत नव्या संघातला एक मुलगा फाइल घेऊन माझ्याकडे आला. मागच्या वर्षीच्या जमाखर्चात चाळीस रुपयांचा फरक आहे, नव्या वहीत शिल्लक तशीच ओढू का, असं विचारत होता. मी त्याला बस म्हटलं. पावत्यांचा गठ्ठा सोडला आणि सौ.ला दोघांचा चहा टाकायला सांगितला. ती चाळीस रुपयांची रिक्षा सापडेपर्यंत तो दोनदा गरम करावा लागला.